चार वर्षांचे मैदान

१९३२ साली अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात, क्लीव्हलंड गावच्या डेल्टा स्टेट टीचर्स कॉलेजने मुलींचा बास्केटबॉल संघ बंद केला. तरुण मुलींच्या प्रकृतीला हा खेळ झेपत नाही, असे कारण देण्यात आले. त्या संघात मार्गारेट वेड नावाची एक खेळाडू होती, वयाने अजून विशीच्या आतली. ती आणि तिच्या मैत्रिणी रडल्या, आणि मग सगळ्यांनी मिळून आपापले गणवेश जाळून टाकले. याहून वेगळे काही करणे त्यांच्या हाती नव्हते. पुढची ४१ वर्षे त्या कॉलेजात मुलींचा संघ नव्हता.

लुशिया हॅरिसचा जन्म या घटनेनंतर तेवीस वर्षांनी झाला. तरीही तिच्या कारकिर्दीची सुरुवात सांगायची तर या जाळलेल्या गणवेशांपासूनच सांगावी लागते. ती किती मोठी खेळाडू होती ते आकड्यांवरून कळते आणि ते आकडे पुढे येतीलच. पण तिला खेळायला मिळालेले मैदान आधी कोणी बंद केले होते, कोणी उघडले आणि ते किती लवकर संपले, हे कळल्याखेरीज त्या आकड्यांचे मोल कळत नाही.

बास्केटबॉल हा मुळातच अलीकडचा खेळ. १८९१ साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ यांनी तो बसवला आणि दुसऱ्याच वर्षी जवळच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींना शिकवायला घेतला. बेरेन्सनबाईंनी नियम बदलले. कोर्टाचे तीन भाग पाडले, आपला भाग ओलांडून कोणी जायचे नाही, दुसरीच्या हातातून चेंडू हिसकावायचा नाही. मुलींना व्यायामशाळेत आणणे हेच त्या काळी धाडस होते, तेव्हा त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. पण काळजीचे कुंपण व्हायला फार वर्षे लागली नाहीत. १९२३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय हौशी क्रीडा महासंघाचा महिला विभाग निघाला. त्याच्या प्रमुख होत्या लू हेन्री हूवर, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या हर्बर्ट हूवर यांच्या पत्नी. मुलींनी खेळावे, पण कॉलेजाकॉलेजांतले सामने, त्यासाठीचा प्रवास, तिकीट काढून येणारे प्रेक्षक आणि जिंकण्याची ईर्ष्या हे सारे टाळावे, असा प्रचार या विभागाने देशभर केला. कॉलेजे एकामागून एक संघ मोडत गेली. डेल्टा स्टेटनेही तेच केले.

खेळ मात्र मेला नाही. प्रतिष्ठित कॉलेजांनी तो बाहेर घालवला, पण कृष्णवर्णीय मुलींच्या बेनेट कॉलेजात तो जोमात होता, गिरण्यांच्या आणि कंपन्यांच्या संघांत होता, आयोवाच्या खेड्यापाड्यांतल्या शाळांत होता. टेक्सासमधल्या वेलँड बॅप्टिस्ट कॉलेजच्या मुलींनी १९५३ ते १९५८ या काळात सलग १३१ सामने जिंकले. ज्यांच्या प्रकृतीची कोणाला फारशी चिंता नव्हती, त्या कष्टकरी घरांतल्या मुलींनी हा खेळ सांभाळला, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरणार नाही. मार्गारेट वेड यांनीही तो सोडला नाही. क्लीव्हलंडच्याच शाळेत त्यांनी मुलींचा संघ घडवला. ४५३ विजय, ८९ पराभव आणि ६ बरोबरी अशी त्यांच्या शाळेतल्या कामाची नोंद आहे. १९५९ मध्ये त्यांनी प्रशिक्षण थांबवले आणि ज्या कॉलेजने त्यांचा संघ मोडला होता तिथेच त्या शारीरिक शिक्षण शिकवू लागल्या.

मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांमधला गाळाचा सपाट मुलूख म्हणजे तिथला डेल्टा. तिथे कापसाचे राज्य. जमीन गोऱ्या मळेवाल्यांची आणि राबणारी माणसे काळी, बहुतेक बटाईदार. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली, पण हंगामाच्या शेवटी मालकाची वही उघडली की बटाईदाराच्या नावावर बाकीच निघायची. क्लीव्हलंडजवळच्या डॉकरी मळ्यावर चार्ली पॅटनसारखे गायक राहून गेले. ब्लूज संगीताची पाळेमुळे शोधणारे आजही तिथे जातात.

या मुलखात, ग्रीनवुड शहराच्या उत्तरेला मिंटर सिटी नावाचे खेडे आहे. तिथे १० फेब्रुवारी १९५५ रोजी लुशियाचा जन्म झाला. आईवडील बटाईदार शेतकरी, भावंडांचा मोठा गोतावळा. मुलेही कापूस वेचायला जात. सुकलेल्या बोंडाच्या कडा बोटांचे काय करतात ते यवतमाळ-अकोल्याकडच्या वाचकाला सांगायला नको. लुशिया सहा महिन्यांची असताना, तिथून काही मैलांवर असलेल्या मनी या खेड्यातून एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला रात्री घरातून उचलून नेले. एका दुकानात गोऱ्या बाईशी आगाऊपणाने वागल्याचा त्याच्यावर ठपका होता. त्याचे छिन्नविच्छिन्न प्रेत टॅलाहाची नदीत सापडले. खटला चालला, आणि सगळ्या गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने आरोपींना निर्दोष सोडले. लुशिया सात वर्षांची असताना शेजारच्या सनफ्लॉवर परगण्यातल्या फॅनी लू हेमर मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या, म्हणून त्यांना राहत्या मळ्यावरून हाकलून देण्यात आले. या मुलखात वाढणाऱ्या काळ्या मुलीला आपण कुठे जायचे आणि कुठे नाही, हे कोणी वेगळे शिकवावे लागत नव्हते.

लुशिया उंच होत गेली, आणि शेवटी सहा फूट तीन इंचांवर थांबली. शाळेतली मुले तिच्या उंचीवरून चिडवत. घरी मोठी भावंडे बास्केटबॉल खेळत, त्यांच्यातच ती शिकली. रात्री झोपायची वेळ झाल्यावर गोधडीच्या आडून टीव्हीवर व्यावसायिक सामने बघायचे, हा तिचा छंद होता. तिचा सर्वांत आवडता खेळाडू ऑस्कर रॉबर्टसन. त्या पडद्यावर बास्केटबॉल खेळणारी एकही बाई तिने पाहिली असण्याची शक्यता नव्हती.

ग्रीनवुडच्या अमांडा एल्झी हायस्कूलमध्ये कॉनवे स्टुअर्ट या प्रशिक्षकाच्या हाताखाली तिचा खेळ तयार झाला. एका सामन्यात तिने एकटीने ४६ गुण केले. संघाची कर्णधारही तीच होती. शाळेचा संघ जॅक्सन शहरातल्या राज्य स्पर्धेपर्यंत पोचला. १९७३ मध्ये शाळा संपली आणि तिने अल्कॉर्न स्टेट या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात जायचे ठरवले. तिथे मुलींचा बास्केटबॉल संघ नव्हता. तिला त्यात काही अडचण वाटली नाही, कारण शाळेनंतरही मुली हा खेळ खेळू शकतात, असे तिच्या ओळखीच्या जगात फारसे घडतच नव्हते. ती तिकडे गेली असती, तर एक चांगली शिक्षिका झाली असती आणि तिचे नाव मिसिसिपीबाहेर कोणाच्या कानावर पडले नसते.

ती तिकडे गेली नाही, कारण त्याच सुमारास दोन गोष्टी जुळून आल्या होत्या.

पहिली गोष्ट वॉशिंग्टनमधली. २३ जून १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी शिक्षणविषयक कायद्यावर सही केली. त्यातले नववे कलम ‘टायटल नाइन’ या नावाने ओळखले जाते. केंद्र सरकारचे पैसे घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढेच ते सांगते. प्रतिनिधिगृहात एडिथ ग्रीन आणि पॅट्सी मिंक, सिनेटमध्ये बर्च बाय यांनी ते लावून धरले होते. कलमात खेळाचा उल्लेखही नाही. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे वैद्यकीय आणि कायद्याच्या महाविद्यालयांतले प्रवेश होते. पण व्यायामशाळा आणि मैदाने हीसुद्धा संस्थेचाच भाग, हे लवकरच सगळ्यांच्या लक्षात आले. १९७१-७२ मध्ये अमेरिकेतल्या शाळांत स्पर्धात्मक खेळ खेळणाऱ्या मुली तीन लाखांच्या आत होत्या. सहा वर्षांत त्या वीस लाखांवर गेल्या. जगातल्या कोणत्याही क्रीडा खात्याच्या कुठल्याही योजनेने एवढा बदल एवढ्या वेगाने घडवल्याचे मला तरी ठाऊक नाही. त्याच सुमारास, १९७१ मध्ये, मुलींच्या बास्केटबॉलमधले कोर्टाचे तुकडे गेले आणि पाच जणींनी पूर्ण कोर्टावर खेळायचा नियम आला. कॉलेजांतल्या महिला खेळांसाठी एआयएडब्ल्यू ही स्वतंत्र संघटनाही तेव्हाच उभी राहिली.

दुसरी गोष्ट क्लीव्हलंडची. १९७३ मध्ये डेल्टा स्टेटचे अध्यक्ष ऑब्री लुकास यांनी मुलींचा संघ पुन्हा सुरू करायचे ठरवले आणि प्रशिक्षक म्हणून मार्गारेट वेड यांना विचारले. त्या साठीच्या होत्या आणि चौदा वर्षांत त्यांनी संघ हाताळला नव्हता. त्यांनी होकार दिला. मग मुलींचा शोध सुरू झाला. त्या शोधात डेल्टा स्टेटचा माणूस लुशियापर्यंत पोचला, आणि अल्कॉर्नचा बेत मागे पडला.

डेल्टा स्टेटने काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश द्यायला १९६७ मध्ये सुरुवात केली होती. १९६९ मध्ये तिथल्या काळ्या विद्यार्थ्यांनी आपल्या मागण्यांसाठी धरणे धरले, तेव्हा त्यांना अटक करून पार्चमनच्या कुप्रसिद्ध तुरुंगात नेले गेले. लुशिया त्या आवारात आली ती त्यानंतर चार वर्षांनी. नव्या संघात ती एकटीच काळी मुलगी होती. संघाचे सामने वॉल्टर सिलर्स कॉलिझियममध्ये व्हायचे. हे सिलर्स वीसहून अधिक वर्षे मिसिसिपीच्या विधानसभेचे सभापती होते आणि वंशभेदाच्या व्यवस्थेचे खंदे रक्षक म्हणून ओळखले जात. त्यांच्या नावाच्या छताखाली बोलिव्हर परगण्यातली गोरी माणसे काळ्या बटाईदाराच्या मुलीसाठी आरडाओरडा करून घसे बसवून घेत होती. मिसिसिपी बदलले होते, असे एवढ्यावरून म्हणणे भाबडेपणाचे होईल. क्लीव्हलंडच्या काळ्या आणि गोऱ्या वस्त्यांमधून जाणारी रेल्वेची हद्द इतकी चिवट होती, की तिथल्या शाळा एकत्र करा असा आदेश द्यायला न्यायालयाला २०१६ साल उजाडले. तरीही त्या छताखाली चार हिवाळे जे घडत होते ते खरे होते, आणि ते लुशियाने घडवले होते.

पहिल्या मोसमात, १९७३-७४ मध्ये, संघाने १६ सामने जिंकले आणि २ गमावले. राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत मजल गेली नाही. मुली अजून एकमेकींना ओळखायला शिकत होत्या. दुसऱ्या मोसमात मात्र संघाचा सांधा जुळला. डेबी ब्रॉक ही चार फूट अकरा इंचांची गार्ड चेंडू खेळवत पुढे आणायची, वॉन्डा हेअरस्टन आणि कॉर्नेलिया वॉर्ड बाजू सांभाळायच्या, आणि लुशिया बास्केटकडे पाठ करून जागा धरून उभी राहायची. चेंडू तिच्या हातात पोचला की प्रतिस्पर्धी दोघीतिघी तिच्यावर धावून येत. ती एका पायावर वळायची आणि फळीचा आधार घेऊन चेंडू आत टाकायची. तिचा खेळ दिखाऊ नव्हता. कारकिर्दीत तिने बास्केटवर टाकलेल्या चेंडूंपैकी ६३ टक्क्यांहून अधिक आत गेले. हुकलेला चेंडू परत मिळवण्यातही, म्हणजे रिबाउंडमध्येही, तिची बरोबरी करणारी तेव्हा क्वचितच कोणी होती. मार्गारेट वेड यांचा डाव यावरच उभा होता: लुशियापर्यंत चेंडू पोचवा आणि तिच्याभोवती गर्दी झाली की बाहेरच्या मोकळ्या मुलीने संधी साधावी. शाळेतल्या मुलींना वर्षानुवर्षे शिकवलेल्या या बाईंना आपल्याकडे काय आहे हे बरोबर कळले होते, आणि नको तिथे डोके चालवायचा मोह त्यांनी टाळला.

त्या काळात महिला बास्केटबॉल म्हटले की नाव यायचे इमॅक्युलाटाचे. फिलाडेल्फियाजवळचे हे छोटे कॅथलिक कॉलेज, जोगिणींनी चालवलेले. १९७२ मध्ये पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेला जायला त्यांच्याकडे पुरेसे पैसे नव्हते, म्हणून आठच खेळाडू विमानाने गेल्या आणि जिंकून आल्या. प्रशिक्षक कॅथी रश यांच्या त्या संघाने १९७२, १९७३ आणि १९७४ अशी सलग तीन विजेतेपदे मिळवली. प्रेक्षकांत बसलेल्या जोगिणी बादल्या बडवून संघाला जोर देत. २२ फेब्रुवारी १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये महिला कॉलेज संघांचा पहिला सामना झाला, त्यातही इमॅक्युलाटाच होते, आणि तो बघायला सुमारे बारा हजार माणसे आली.

त्यानंतर महिन्याभरात, मार्च १९७५ मध्ये, व्हर्जिनियातल्या हॅरिसनबर्ग गावी राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम लढत झाली. एका बाजूला तीन वेळचे विजेते, दुसऱ्या बाजूला दोन वर्षांपूर्वी अस्तित्वातही नसलेला संघ. लुशियाने ३२ गुण केले आणि १६ रिबाउंड मिळवले. डेल्टा स्टेट ९०–८१ असे जिंकले. मोसमाचा हिशेब २८ विजय, पराभव एकही नाही. मार्गारेटबाई तेव्हा बासष्ट वर्षांच्या होत्या. ज्या खेळासाठी आपली प्रकृती नाजूक ठरवली गेली होती, त्यात त्यांनी त्याच कॉलेजला देशात पहिले आणले. या प्रसंगापुढे मला लुशियाच्या कारकिर्दीतले दुसरे काहीच तितके मोठे वाटत नाही, ऑलिम्पिकसुद्धा. ऑलिम्पिकच्या मागे देश उभा असतो. इथे मागे होते एक छोटे गाव, एक म्हातारी शिक्षिका आणि सहा फूट तीन इंचांची वीस वर्षांची मुलगी.

गाव या मुलींवर खूश होते. मुलींच्या सामन्यांना कॉलिझियम भरू लागले. त्याच वर्षी, १९७५ मध्ये, डेल्टा स्टेटच्या विद्यार्थ्यांनी लुशियाला ‘होमकमिंग क्वीन’ म्हणून निवडले. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याच्या वेळी होणारी ही निवड अमेरिकन कॉलेजांत फार मानाची असते. सहा वर्षांपूर्वी काळ्या विद्यार्थ्यांना तुरुंगात जाताना पाहिलेल्या त्या कॉलेजात हा मान मिळवणारी ती पहिली काळी मुलगी.

१९७५-७६ हा तिचा सर्वांत तेजस्वी मोसम. तिने एका मोसमात हजारावर, नेमके सांगायचे तर १,०६० गुण केले. सामन्यामागे ३१.२ गुण ही सरासरी त्या वर्षी देशात सर्वांत जास्त होती. टेनेसी टेकविरुद्ध एका सामन्यात तिने ५८ गुण केले. दोन मोसम मिळून संघाने सलग ५१ सामने जिंकले, आणि १९७५-७६ च्या अख्ख्या मोसमात एकच गमावला. अंतिम लढतीत पुन्हा इमॅक्युलाटा समोर आले आणि डेल्टा स्टेट ६९–६४ असे जिंकले. या सगळ्या काळात तिला आजच्यासारखी खेळाडू म्हणून भरघोस शिष्यवृत्ती नव्हती. शिकता शिकता काम करून आणि अभ्यासावर मिळालेल्या मदतीवर तिचे शिक्षण चालले होते.

१९७६ चे मॉन्ट्रियल ऑलिम्पिक हे महिला बास्केटबॉलचे पहिले. पुरुषांचा बास्केटबॉल ऑलिम्पिकमध्ये १९३६ पासून होता. महिलांना चाळीस वर्षे थांबावे लागले. आदल्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेच्या महिला आठव्या आल्या होत्या, त्यामुळे ऑलिम्पिकपूर्वी कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये पात्रता फेरी खेळून त्यांना जागा मिळवावी लागली. प्रशिक्षक होत्या बिली मूर. संघातली नावे आज वाचताना अंगावर काटा येतो. पुढे टेनेसीची दंतकथा झालेली पॅट हेड, म्हणजे नंतरची पॅट समिट, अ‍ॅन मायर्स, अठरा वर्षांची नॅन्सी लिबरमन. अमेरिकेचा पहिला सामना १९ जुलैला जपानशी होता. त्यातला पहिला बास्केट लुशिया हॅरिसने केला. ऑलिम्पिकच्या इतिहासात महिला बास्केटबॉलमधले ते पहिले गुण. सामना अमेरिका ७१–८४ अशी हरली.

पुढे बल्गेरियाविरुद्ध विजय मिळाला. मग सोव्हिएत संघ समोर आला, म्हणजे युलियाना सेम्योनोव्हा. ही लॅटव्हियाची खेळाडू जवळपास सात फुटांची होती. आयुष्यभर इतरांकडे खाली बघून खेळलेल्या लुशियाला त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून बघावे लागले असेल. अमेरिका ७७–११२ अशी हरली. ही हार प्रतिभेची नव्हती. एकीकडे वर्षानुवर्षे एकत्र सराव करणारा, राज्यसंस्थेने पोसलेला संघ, दुसरीकडे काही आठवड्यांपूर्वी एकत्र आलेल्या, बहुतेक कॉलेजात शिकणाऱ्या मुली. कॅनडा आणि चेकोस्लोव्हाकियाला हरवून अमेरिकेने रौप्यपदक मिळवले. संघात सर्वांत जास्त गुण लुशियाचे होते, सामन्यामागे पंधराहून अधिक.

शेवटच्या मोसमात तिने मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर ४७ गुण केले. मार्च १९७७ मध्ये मिनिअ‍ॅपोलिसला लुइझियाना स्टेटला ६८–५५ असे हरवून डेल्टा स्टेटने सलग तिसरे विजेतेपद घेतले. त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम महिला कॉलेज खेळाडूला देण्यात येणारा ब्रॉडरिक कप तिलाच मिळाला. वय बावीस. आणि इथे मैदान संपले.

पुढे काही नव्हते. महिलांची व्यावसायिक लीग नव्हती. आपल्या हिशेबाने लुशिया तिच्या खेळाच्या शिखराकडे चालली होती, आणि तिच्यासाठी पुढचा सामनाच शिल्लक नव्हता. त्या उन्हाळ्यात पुरुषांच्या एनबीए लीगमधल्या न्यू ऑर्लिन्स जॅझने ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, सातव्या फेरीत, १३७ व्या क्रमांकावर तिला निवडले. १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सने आयोवाच्या डेनिस लाँगला निवडले होते, पण आयुक्त वॉल्टर केनेडी यांनी ती निवड रद्द ठरवली होती. त्यामुळे रीतसर निवडली गेलेली एकमेव स्त्री म्हणून लुशियाचेच नाव राहिले. तिच्यानंतर ज्यांची नावे पुकारली गेली ते सगळे पुरुष होते.

ही निवड प्रसिद्धीसाठी होती अशी चर्चा तेव्हाही झाली. लुशिया गेली नाही. फेब्रुवारीत तिचे शाळेपासूनच्या मित्राशी लग्न झाले होते आणि ती गरोदर होती. शिवाय पुरुषांच्या संघात आपला टिकाव लागेल असे तिला वाटत नव्हते, आणि तिने ते उघड सांगितले. या नकाराकडे हुकलेली संधी म्हणून बघणाऱ्यांशी मी सहमत नाही. देशातल्या सर्वोत्तम महिला खेळाडूपुढे एकच दार असावे आणि तेही पुरुषांच्या संघातल्या सातव्या फेरीचे, यातच खरी वंचना आहे. तिला हवा होता तो बायकांशी खेळायला बायकांचा संघ, आणि तो तिच्यासाठी कोणी उभा केला नव्हता. पुढच्या वर्षी महिलांची एक लीग निघाली आणि तिच्यात १९७९-८० मध्ये ती ह्यूस्टन एंजल्सकडून एक मोसम खेळली, पण ती लीगही फार टिकली नाही. पुढची वर्षे तिने डेल्टा स्टेटमध्ये प्रवेश विभागात आणि सहायक प्रशिक्षक म्हणून, मग शाळेत शिक्षिका म्हणून काम केले. १९९२ मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये पहिल्यांदाच महिला खेळाडूंना घेतले, तेव्हा नेरा व्हाइट यांच्याबरोबर दुसरे नाव तिचे होते. १८ जानेवारी २०२२ रोजी, क्लीव्हलंडजवळच्या माउंड बायू गावी तिचे निधन झाले. तिच्यावरच्या ‘द क्वीन ऑफ बास्केटबॉल’ या लघुपटाला त्यानंतर दोनच महिन्यांनी ऑस्कर मिळाले.

आता आकडे. चार वर्षांत ११५ सामने, २,९८१ गुण, १,६६२ रिबाउंड. सामन्यामागे २५.९ गुण आणि १४.५ रिबाउंड. तीन गुणांची रेषा तेव्हा नव्हती आणि असती तरी बास्केटखाली खेळणाऱ्या लुशियाला तिचा उपयोग नव्हता. पण या आकड्यांचे पुढे जे झाले ते मला फार खुपते. एआयएडब्ल्यू ही संघटना १९८२ मध्ये बंद पडली. पुरुषांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या श्रीमंत संघटनेने महिलांच्या स्पर्धा हाती घेतल्या आणि आपली विक्रमांची वही तिथून नव्याने सुरू केली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी आयोवाच्या केटलिन क्लार्कने एनसीएएच्या वहीतला ३,५२७ गुणांचा विक्रम ओलांडला तेव्हा साऱ्या देशात जल्लोष झाला. त्या वेळी कॅन्ससच्या लिनेट वुडार्ड यांचे ३,६४९ गुण १९८१ पासून नोंदलेले होते, आणि त्या वहीत नव्हते. छोट्या कॉलेजांत खेळलेल्या पर्ल मूर यांचे ४,०६१ गुणही नव्हते. क्लार्कच्या प्रशिक्षक लिसा ब्लूडर यांनी वुडार्ड यांच्या आकड्याचा जाहीर उल्लेख केला आणि खरा टप्पा तो असल्याचे सांगितले, याबद्दल त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. पंधरा दिवसांच्या आत क्लार्कने तोही टप्पा पार केला. १९७३ ते १९७७ मध्ये डेल्टा स्टेटचे जे सामने झाले त्यांत पंच होते, घड्याळ होते, गुणफलक होता, बाकांवर माणसे होती. ते गुण मोजलेले आहेत. ते महिला बास्केटबॉलच्या मुख्य यादीतच असले पाहिजेत, तळटीप म्हणून नव्हे.